वळणावर थांबलेला ताल

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगत आयल ऑफ वाइट नावाचे एक लहानसे बेट आहे. रॉक संगीताच्या चाहत्यांना हे नाव परिचित असते ते १९७० च्या महोत्सवामुळे. त्या वर्षीच्या ऑगस्टअखेरीस जिमी हेंड्रिक्सने या बेटावर गिटार वाजवली आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत लंडनमध्ये त्याचा मृत्यू झाला. त्यामुळे बेटाचे नाव निघाले की हेंड्रिक्सचे नाव ओघाने येतेच. मात्र याच बेटावर आणखी एका वादकाची कबर आहे आणि तिच्याकडे वळणारे चाहते फिनलंडपासून जपानपर्यंतचे असतात. ही कबर निकोलस डिंग्ली या तरुणाची. जगाने त्याला ‘रॅझल’ या एकाच नावाने ओळखले. २ डिसेंबर १९६० रोजी जन्मलेला हा ड्रमवादक ८ डिसेंबर १९८४ रोजी कॅलिफोर्नियातील एका रस्त्यावर गेला. चोविसावा वाढदिवस होऊन तेव्हा अवघे सहा दिवस झाले होते.

रॅझलच्या वाट्याला प्रसिद्धीची जेमतेम अडीच वर्षे आली. या अडीच वर्षांत तो ज्या ‘हनोई रॉक्स’ नावाच्या बॅण्डमध्ये वाजवत होता, त्या बॅण्डने पुढच्या दहा वर्षांच्या अमेरिकी रॉक संगीताचा चेहरामोहरा ठरवला असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये. आपल्याकडे नव्वदच्या दशकात काळा घोडा परिसरातील ‘ऱ्हिदम हाऊस’मध्ये (ते दुकान २०१६ मध्ये बंद झाले) ‘गन्स अँड रोझेस’च्या कॅसेटी शोधणाऱ्या महाविद्यालयीन पिढीला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ज्या विस्कटलेल्या केसांवर, गळ्यातल्या रेशमी रुमालांवर आणि बेफिकीर चालीवर ती पिढी भाळली होती, त्यांचे मूळ लॉस एंजेलिसमध्ये नसून हेलसिंकीत होते.

बदनाम गल्लीतले संगीत

या संगीताला ‘स्लीझ रॉक’ असे काहीसे हिणकस नाव आहे. स्लीझ म्हणजे ओंगळ, बदनाम वस्तीतले. हे नाव समीक्षकांनी नाक मुरडून दिले आणि वादकांनी ते बिरुदासारखे मिरवले. पुरुषांनी ओठांना रंग लावायचा, डोळ्यांत काजळ घालायचे, बायकांच्या कपाटातून काढल्यासारखे कपडे अंगावर चढवायचे आणि त्यावर वाजवायचे मात्र पन्नाशीच्या दशकातले साधे, रांगडे रॉक अँड रोल. असा हा प्रकार. त्याचा उगम न्यूयॉर्कमध्ये १९७१ साली स्थापन झालेल्या ‘न्यूयॉर्क डॉल्स’ या बॅण्डकडे जातो. डॉल्सचा पहिला ड्रमवादक बिली मर्सिया १९७२ च्या नोव्हेंबरमध्ये बॅण्डच्या पहिल्याच इंग्लंड दौऱ्यात लंडनमध्ये मरण पावला. वय वर्षे २१. नशा केल्यानंतर बेशुद्ध पडलेल्या मर्सियाला शुद्धीवर आणण्याच्या खटपटीत स्नानाच्या टबातच त्याचा शेवट झाला. परदेशाचा पहिला दौरा, अनोळखी शहर, पार्टी आणि ड्रमवादकाचा मृत्यू... बारा वर्षांनी डॉल्सच्या फिनिश वारसदारांच्या बाबतीत हाच क्रम जसाच्या तसा घडावा, हा योगायोग अंगावर काटा आणणारा आहे.

‘हनोई रॉक्स’ची स्थापना हेलसिंकीत १९७९ च्या सुमारास झाली. गायक मायकेल मन्रो आणि गिटारवादक अँडी मॅकॉय हे तिचे दोन आधारस्तंभ. दोघांचीही खरी नावे अस्सल फिनिश, मात्ती फागरहोल्म आणि आंत्ती हुल्को. दोघेही १९६२ चा जन्म असलेले, म्हणजे बॅण्ड उभा राहिला तेव्हा विशीही न गाठलेले. दुसरा गिटारवादक यान स्टेनफोर्स ‘नॅस्टी सुसाईड’ या नावाने, तर बासवादक सामी ताकामाकी ‘सॅम याफा’ या नावाने वावरू लागला. ड्रमवर होता ‘जिप कसिनो’ हा स्वीडिश तरुण. बॅण्डच्या नावाचा व्हिएतनामच्या राजधानीशी तसा काही संबंध नाही. डॉल्समधून बाहेर पडलेल्या जॉनी थंडर्सच्या बॅण्डने ‘चायनीज रॉक्स’ हे हेरॉइनविषयीचे गाणे गाजवले होते, त्या शब्दांवरची ही कोटी. नावातच नशा होती आणि ती नुसती नावापुरती राहिली नाही.

त्या काळी फिनलंडमधून इंग्रजीत गाऊन जगभर नाव कमावणे ही कल्पना हास्यास्पद वाटावी अशी होती. १९८० च्या शरद ऋतूत ही मंडळी स्टॉकहोमला जाऊन थडकली. खिशात पैसा नाही, डोक्यावर छप्पर नाही. मन्रो आणि इतर काही जण अक्षरशः रस्त्यावर झोपत आणि येणाऱ्याजाणाऱ्यांकडून नाणी मागून दिवस काढत. त्या दिवसांतली भूक अंगात मुरवूनच १९८१ मध्ये त्यांची पहिली तबकडी आली. शीर्षकात बँकॉक, सायगाव आणि हनोई ही तिन्ही शहरे एका ओळीत होती. पुढच्या वर्षी ‘ओरिएंटल बीट’ आली आणि बॅण्डने मुक्काम लंडनला हलवला.

टोपीवाला ड्रमवादक

रॅझलची आणि या मंडळींची गाठ पडली ती इथे. त्याचा जन्म इंग्लंडमधील लेमिंग्टन स्पा या गावचा, वाढ आयल ऑफ वाइटची. बेटावरून लंडनला आलेल्या अनेक तरुणांप्रमाणे तोही पंक संगीताच्या लाटेत सामील झाला. ‘डेमन प्रीचर’ आणि ‘द डार्क’ या छोट्या पंक बॅण्डमध्ये त्याने हात साफ केला. १९८२ मध्ये त्याने ‘हनोई रॉक्स’चा कार्यक्रम पाहिला आणि वादक मंचावरून उतरताच त्यांना गाठून, तुमचा ड्रमवादक मीच होणार, असे सांगून टाकले, ही हकीकत बॅण्डच्या साऱ्या चरित्रकारांनी नोंदवली आहे. हा आगाऊपणा इतरांना आवडला असावा. जिप कसिनो त्या काळात नशेच्या आणि मानसिक खचलेपणाच्या गर्तेत होता. त्याला निरोप देण्यात आला आणि रॅझल आत आला.

त्याच वर्षी निघालेल्या ‘सेल्फ डिस्ट्रक्शन ब्लूज’ या संकलनाच्या मुखपृष्ठावर रॅझलचे छायाचित्र झळकले, पण आतल्या एकाही गाण्यावर त्याचा हात नाही. तबकडीवरचे सारे वादन आधीच ध्वनिमुद्रित झालेले, कसिनोचे. नव्या नवरदेवाचा फोटो जुन्याच लग्नपत्रिकेवर छापावा, तसा हा प्रकार. रॅझलला त्याचे काही वाटले असेल असे वाटत नाही. मानापमानाचे हिशेब ठेवणाऱ्यांतला तो नव्हता.

त्याच्याविषयी ज्यांनी ज्यांनी लिहिले, त्या सर्वांनी एका गोष्टीवर भर दिला आहे. तो बॅण्डमधला हसरा माणूस होता. मन्रो आणि मॅकॉय हे दोघे प्रतिभावान खरे, पण दोन टोकांचे. एकाला मंचावरची शिस्त प्यारी, दुसऱ्याला नशेचे वेड. एकाच्या हाती चेहरा, दुसऱ्याच्या हाती गाणी. अशा दोन अहंकारांच्या मध्ये एखादा विनोद करून ताण सैल करणारा माणूस लागतो. एकत्र कुटुंबात असा एक काका असतो. त्याच्या नावावर घर नसते, पण तो गेला की घराची वाटणी होते. रॅझलचे स्थान तेच होते. डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर खट्याळ हसू आणि इंग्रजी पद्धतीची वात्रट बडबड यांमुळे मुलाखती घ्यायला आलेले पत्रकारही गायकाला सोडून त्याच्याशी बोलत बसत.

वादक म्हणून तो तंत्राचा चमत्कार दाखवणाऱ्यांपैकी नव्हता, हेही नमूद करायला हवे. लांबलचक एकल वादन, हातचलाखी यांच्या वाटेला तो गेला नाही. पंकमधून आल्याने त्याचा ठोका सरळ, जड आणि किंचित पुढे रेटणारा होता. त्याच्याआधीच्या दोन तबकड्या ऐकल्या तर संगीत मजेदार असले तरी पाय जमिनीवर टेकलेले नाहीत असे जाणवते. १९८३ च्या ‘बॅक टू मिस्टरी सिटी’मध्ये ते टेकले. या तबकडीची निर्मिती ‘मॉट द हूपल’ या सत्तरीतल्या नामांकित बॅण्डमधील ओव्हरएंड वॉट्स आणि डेल ग्रिफिन यांनी केली होती. ग्रिफिन स्वतः ड्रमवादक. रॅझलच्या हाताला त्याच्या देखरेखीचा लाभ झाला असणारच.

याच सुमारास जपानमध्ये या बॅण्डची अफाट लोकप्रियता वाढीस लागली. इंग्लंडमध्ये मात्र चित्र वेगळे होते. तिथल्या संगीत साप्ताहिकांत त्यांच्यावर छायाचित्रे आणि लेख भरपूर, विक्री मात्र बेताची. १९८३ च्या डिसेंबरमध्ये लंडनच्या सुप्रसिद्ध ‘मार्की’ क्लबमध्ये त्यांनी केलेल्या कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरण झाले. ‘ऑल दोज वेस्टेड इयर्स’ या नावाने ते उपलब्ध आहे. रॅझल कसा वाजवत असे, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी ते जरूर पाहावे. छोटासा मंच, गर्दीचा घाम आणि मागे बसून साऱ्यांना ढकलणारा तो. या बॅण्डचे वर्णन करायला याहून चांगला पुरावा नाही.

फोगर्टीचे गाणे, हनोईचा साज

एव्हाना ‘सीबीएस’ या बड्या कंपनीने बॅण्डला करारबद्ध केले होते. कंपनीला अमेरिका काबीज करायची होती. त्यासाठी निर्माता म्हणून निवड झाली बॉब एझ्रिन यांची. अॅलिस कूपर, लू रीड, ‘किस’ आणि ‘पिंक फ्लॉइड’ची ‘द वॉल’ अशी ज्यांची कामगिरी, ते एझ्रिन आळसाला थारा देणारे गृहस्थ नव्हेत. गाण्यांच्या शब्दांवर हात फिरवायला ‘मॉट द हूपल’चा गायक इयन हंटर आला. १९८४ मध्ये ‘टू स्टेप्स फ्रॉम द मूव्ह’ ही तबकडी बाहेर पडली. तिचे पहिलेच गाणे बॅण्डचे स्वतःचे नव्हते. ते होते ‘अप अराउंड द बेंड’.

या गाण्याचा इतिहास थोडा विस्ताराने सांगायला हवा. कॅलिफोर्नियातील ‘क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल’ या बॅण्डच्या जॉन फोगर्टीने ते लिहिले आणि १९७० च्या एप्रिलमध्ये, युरोपच्या दौऱ्याच्या तोंडावर, प्रसिद्ध केले. अमेरिकेच्या यादीत ते चौथ्या, तर ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. रस्त्याच्या वळणापलीकडे मोकळे आकाश आहे, माणसे जमली आहेत, तिथे चला, असा सरळसोट आनंदाचा निरोप त्यात आहे. सुरुवातीलाच उंच स्वरातली, शीळ घातल्यासारखी गिटार. ती एकदा कानावर पडली की दिवसभर सोडत नाही. तबकडीच्या दुसऱ्या बाजूला ‘रन थ्रू द जंगल’ हे गाणे होते. ते व्हिएतनाम युद्धाविषयीचे आहे असाच अमेरिकी श्रोत्यांचा वर्षानुवर्षे समज होता. प्रत्यक्षात ते अमेरिकेतील बंदुकांच्या सुळसुळाटावर लिहिल्याचे फोगर्टीने पुढे स्पष्ट केले. त्याच तबकडीची पहिली बाजू चौदा वर्षांनी ‘हनोई’ नाव धारण करणाऱ्या बॅण्डने गावी, यातली गंमत कोणाच्या ध्यानात आली होती की नाही, कोण जाणे!

आणखी एक बाब. हनोईने हे गाणे गायले तेव्हा खुद्द फोगर्टी ते गात नव्हता. क्रीडन्सचे १९७२ मध्ये विघटन झाले. आपल्या जुन्या कंपनीच्या जाचक करारातून सुटण्यासाठी फोगर्टीने क्रीडन्सच्या गाण्यांवरील मानधनाचा हक्क सोडून दिला आणि त्या कडवटपणापोटी आपलीच गाणी मंचावर गाण्याचे टाळले. १९८७ मध्ये व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी झालेल्या कार्यक्रमात त्याने ते मौन सोडले. त्यामुळे १९८४ साली हे गाणे एका अर्थाने बेवारस होते. पाच रंगवलेल्या चेहऱ्यांनी ते उचलले आणि रस्त्यावर आणले.

रूपांतर म्हणजे नक्कल नव्हे, हे आपल्याकडे नाट्यसंगीताच्या रसिकांना सांगावे लागत नाही. एकच पद दोन गायकांच्या गळ्यात वेगवेगळा अर्थ घेऊन उतरते. क्रीडन्सच्या मूळ गाण्यात शेतकऱ्याच्या चालीतला निवांतपणा आहे. ड्रम मागे राहून साथ करतो, फोगर्टीचा खरखरीत आवाज पुढे असतो. हनोईने गिटारची ती शीळ तशीच ठेवली, पण तिच्याखालची जमीन बदलली. रॅझलचा ठोका जोरकस आहे आणि एझ्रिन यांनी तो ध्वनिमुद्रणात अगदी पुढे आणून ठेवला आहे. मूळ गाण्यातला प्रवासी वळणापलीकडे जायला निघालेला वाटतो. इथले पाचही जण धावत सुटलेले वाटतात. मन्रोच्या आवाजात फोगर्टीचा भारदस्तपणा नाही, पण रस्त्यावर झोपलेल्या माणसाला वळणापलीकडच्या जागेची जी ओढ वाटेल, ती त्यात आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते दोहोंत मूळ गाणेच श्रेष्ठ. मात्र हनोईचे ऐकल्यावर मूळ गाण्यातला वेग नव्याने जाणवतो, हे श्रेय त्यांना द्यावे लागेल.

ब्रिटनमध्ये हे गाणे ६१ व्या क्रमांकापर्यंत गेले, तर तबकडी २८ व्या. आकडे फार मोठे नाहीत. पण ब्रिटनच्या यादीत शिरकाव करणारा हा पहिला फिनिश बॅण्ड, हे लक्षात घेतले की त्यांचे महत्त्व कळते. दुसऱ्यांच्या गाण्यावर पहिले यश मिळावे याची बोच बॅण्डला होती किंवा नाही हा वेगळा प्रश्न. तबकडीवरची मॅकॉयची स्वतःची गाणी, विशेषतः ‘मिलियन माइल्स अवे’, त्या रूपांतराहून सरस आहेत. परंतु दार उघडले ते फोगर्टीच्या गाण्याने.

सिराक्यूज ते रेडोंडो बीच

१९८४ च्या नोव्हेंबरमध्ये बॅण्ड अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाला. छोटी सभागृहे, लांबचे प्रवास. पण वार्ता आधीच पोहोचलेली होती. न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज येथे कार्यक्रमात मन्रोचा घोटा मोडला. पुढचे काही कार्यक्रम रद्द झाले आणि मंडळी विश्रांतीसाठी लॉस एंजेलिसला येऊन थांबली. घोटा मोडला नसता तर त्या शनिवारी हे सारे बहुधा अमेरिकेतल्या दुसऱ्याच एखाद्या शहरात वाजवत असते.

लॉस एंजेलिसमध्ये तेव्हा ‘मॉट्ली क्रू’ या बॅण्डची चलती होती. त्यांचे वादक हनोईचे चाहते. पाहुण्यांचे आगतस्वागत करणे त्यांना भूषणावह वाटत होते. गायक व्हिन्स नील याचे घर रेडोंडो बीच या समुद्रकाठच्या उपनगरात होते. तिथे पार्टी रंगली. मन्रो पाय जायबंदी असल्याने तिथे नव्हता. ८ डिसेंबरच्या संध्याकाळी घरातले मद्य संपले. दुकान तसे जवळच होते. पण नीलला आपली १९७२ सालची पँटेरा ही वेगवान स्पोर्ट्स कार रॅझलला दाखवायची होती. दोघे गाडीत बसले.

दुकानातून परतताना नीलचा ताबा सुटला. गाडी रस्ता ओलांडून समोरून येणाऱ्या वाहनावर आदळली. त्या वाहनातील दोघे तरुण गंभीर जखमी झाले, मेंदूला झालेल्या इजेचे परिणाम त्यांना पुढे दीर्घकाळ भोगावे लागले. आघाताचा सर्वाधिक भार पँटेराच्या ज्या बाजूवर आला, तिथे रॅझल बसला होता. रुग्णालयात सायंकाळी ७ वाजून १२ मिनिटांनी त्याला मृत घोषित करण्यात आले. नीलला किरकोळ दुखापत झाली.

दोघे परत येईनात म्हणून घरातली मंडळी शोधायला निघाली. वाटेत अपघातग्रस्त गाड्या दिसल्या, रस्त्यावर रॅझलची टोपी पडलेली दिसली, आणि काय झाले ते मॅकॉयच्या लक्षात आले, अशी आठवण त्याने नंतर सांगितली आहे.

न्यायाचा हिशेब

नीलच्या रक्तातील मद्याचे प्रमाण ०.१७ टक्के आढळले. कॅलिफोर्नियात तेव्हा कायदेशीर मर्यादा ०.१० टक्के होती. तुलनेसाठी सांगायचे तर आपल्याकडे मोटार वाहन कायद्याने १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के, ही मर्यादा घातली आहे. म्हणजे नीलच्या रक्तात तिथल्या ढिल्या मर्यादेच्याही पावणेदोन पट मद्य होते, आपल्या मर्यादेच्या साडेपाच पटींहून अधिक. कॅलिफोर्नियाने आपली मर्यादा १९९० मध्ये ०.०८ वर आणली.

खटल्याचा निकाल लागला तेव्हा अनेकांना धक्का बसला. वाहन चालवून मनुष्यवध केल्याच्या आरोपात दोषी ठरलेल्या नीलला ३० दिवसांची कैद, पाच वर्षांची परिवीक्षा, २०० तासांची समाजसेवा आणि २६ लाख डॉलर भरपाई अशी शिक्षा झाली. तो पूर्ण महिना न भोगताच बाहेर आला. तो तुरुंगाबाहेर राहून गात राहिला तरच जखमींना पैसे मिळतील, असा यामागचा युक्तिवाद. तर्काला धरून आहे. पण खिशात २६ लाख डॉलर नसलेला एखादा ट्रकचालक त्या पिंजऱ्यात उभा असता तर त्याला हाच युक्तिवाद लागू पडला असता का, हा प्रश्न उरतोच. धनिकांच्या मोटारी, पदपथावरची माणसे आणि वर्षानुवर्षे रेंगाळणारे खटले यांच्या बातम्या वाचण्याची सवय झालेल्या मुंबईकराला तो प्रश्न परका वाटणार नाही.

१९८५ मध्ये ‘मॉट्ली क्रू’ची ‘थिएटर ऑफ पेन’ ही तबकडी निघाली. ती रॅझलला अर्पण केलेली होती. तिने प्रचंड खप नोंदवला. २००३ साली याच बॅण्डने आपल्या जुन्या तबकड्यांचा संच काढला तेव्हा त्याच्या शीर्षकात मोटार अपघाताची थट्टा केली होती. त्यावर टीका झाली आणि ती रास्तच होती. मद्यपान करून वाहन चालवल्याबद्दल नील २०११ मध्ये लास व्हेगासमध्ये पुन्हा तुरुंगात गेला. आपल्या चुकीची टोचणी आपल्याला आयुष्यभर आहे असे त्याने वेळोवेळी सांगितले आहे. ते खोटे मानण्याचे कारण नाही. आणि पुरेसे मानण्याचेही नाही.

शेवटचे कार्यक्रम

हेलसिंकीत १९८५ च्या जानेवारीत बॅण्डचे कार्यक्रम आधीच ठरलेले होते. त्यांचे प्रक्षेपण युरोपातील अनेक देशांत व्हायचे होते. ते रद्द न करता रॅझलच्या स्मरणार्थ करण्याचे ठरले. ड्रमवर ‘द क्लॅश’चा टेरी चाइम्स बसला. चाइम्स हा नाणावलेला वादक. वादनात काही उणे नव्हते, तरीही हा बॅण्ड संपल्यात जमा आहे हे मंचावरच्या प्रत्येकाला कळून चुकले होते. पाठोपाठ सॅम याफा बाहेर पडला. पोलंडमधील काही कार्यक्रम कसेबसे पार पडले आणि १९८५ च्या मध्यावर मन्रोने बॅण्ड सोडला. सहा वर्षांची कारकीर्द संपली. हसरा काका गेला, घराची वाटणी झाली.

यानंतर जे घडले ते पाहून नशिबाच्या खेळाला काय म्हणावे ते सुचत नाही. दोनच वर्षांत, १९८७ साली, लॉस एंजेलिसमधून ‘गन्स अँड रोझेस’ची पहिली तबकडी निघाली आणि यथावकाश तिच्या जगभरात तीन कोटींच्या घरात प्रती खपल्या. हनोईचे ऋण या मंडळींनी कधी लपवले नाही. १९८९ मध्ये त्यांनी हनोईच्या तबकड्या अमेरिकेत पुन्हा प्रसिद्ध केल्या. १९९१ च्या ‘यूज युअर इल्यूजन’मध्ये ‘बॅड ऑब्सेशन’ या गाण्यात मन्रोचे वादन आहे. ज्या रस्त्यावर हनोई दोन पावलांवर येऊन थांबली, त्याच रस्त्याने हे पुढे गेले.

मन्रो आणि मॅकॉय २००१ मध्ये पुन्हा एकत्र आले. नवे सहकारी घेऊन त्यांनी तीन तबकड्या काढल्या आणि २००९ च्या एप्रिलमध्ये हेलसिंकीच्या ‘तावास्तिया’ क्लबमध्ये निरोपाचे कार्यक्रम करून ते पर्व संपवले. २०१९ मध्ये ‘मॉट्ली क्रू’वर ‘द डर्ट’ हा चित्रपट आला. त्यात रॅझल काही मिनिटे दिसतो. हसतो, गाडीत बसतो आणि मरतो. दुसऱ्याच्या चरित्रातला एक दुःखद प्रसंग एवढीच त्याची ओळख बनू पाहते आहे, हे खटकते. ‘मार्की’तले ते चित्रीकरण एकदा पाहिले तर या माणसाचे स्वतःचे एक चरित्र होते याची खात्री पटते.

२३ सप्टेंबर २०२२ रोजी मन्रोच्या साठीनिमित्त हेलसिंकीच्या आइस हॉलमध्ये मोठा कार्यक्रम झाला. मन्रो, मॅकॉय, नॅस्टी सुसाईड आणि सॅम याफा कित्येक वर्षांनी एका मंचावर आले. ड्रमवर होता जिप कसिनो, ज्याची जागा चाळीस वर्षांपूर्वी रॅझलने मागून घेतली होती. मन्रो अजूनही जगभर गात फिरतो आणि त्याच्या स्वतःच्या कार्यक्रमांत ‘अप अराउंड द बेंड’ हमखास असते.